शॉकअपमधलं खोबरेल

महेंद्र मुंबईहून कायमचा घरी आला, पण वाडीतल्या लोकांच्या हे काही डोक्यात शिरत नव्हतं. विहाराच्या पायऱ्यांशी कुणी भेटलं की आधी "जय भीम", आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न, "किती दिवस आहात?" मुंबईत एका कॉलेजात शिपायाची नोकरी करण्यात त्याचा उभा जन्म गेला. मे महिन्यात यायचा, रजा मिळालीच तर जयंतीला यायचा, नि बॅग पुरती रिकामी व्हायच्या आत परत निघायचा. तेव्हा हा प्रश्न बरोबर होता. आता तो सांगायचा, "रिटायर झालो. आता इथंच." समोरचा मान डोलवायचा आणि पुन्हा भेटला की पुन्हा तेच विचारायचा.

बरं, वाडीचं एक वेळ सोडा. घरातही वेगळं काही नव्हतं. सीता, म्हणजे त्याची बायको, आणि श्रुती, म्हणजे लेक, दोघी पोचे आलेल्या स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायच्या. महेंद्रला पाणी मिळायचं ते शोकेसमधल्या फुलाफुलांच्या काचेच्या ग्लासातून, तेही हातात आणून. पहिलं ताट त्याचं. सुरमईची मधली तुकडी त्याची. त्याचा टॉवेल वेगळा, घडी घातलेला. त्यानं केरसुणीला हात लावला की सीता म्हणायची, "राहूदे ओ, तुम्ही बसा." तो विहिरीवर जायला निघाला की, "तुम्ही बसा." माणसाला मायेनं बसवून ठेवलं की त्याला तक्रारीलाही तोंड राहत नाही. तो बसायचा.

सीतेचं तरी काय चुकलं? कौलं परतणं, लाइटीचं बिल, पोरीचा ताप, पोरीची शाळा, सगळं तिनं एकटीनं ओढलं. घराची घडी तिनं बसवली ती पुरुष घरात नाही असं धरूनच. त्या घडीत आता हा माणूस कुठं घालायचा ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं त्याला खुर्चीत घातला होता. महेंद्रला हे समजत होतं. समजत होतं म्हणून बोचायचं कमी होत नव्हतं. आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत, हे त्याला आत कुठंतरी रोज लागायचं.

श्रुती रत्नागिरीत पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजातून आली की ती मागच्या पडवीत जाऊन बसायची. तिथं एका जुन्या टेबलावर तिच्या गाड्या असायच्या. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, पण जत्रेत मिळतात तसल्या नव्हेत. हातभर लांबीच्या, आणि खऱ्या गाडीत असतं ते सगळं आत. मोटर, गिअर, स्टिअरिंग, चाकाचाकाला धक्के झेलणारा शॉकअप. सगळे भाग सुटे यायचे आणि ती ते एकेक करून जोडायची, नाही जमलं तर कापून, घासून जमवायची. आधी तिनं एक मोडकं खेळणं उघडून त्यावर हात बसवला होता. आता ती पहिल्यांदाच पुरा संच घेऊन गाडी बांधत होती.

महेंद्र पहिल्यांदा त्या पडवीच्या दारात उभा राहिला तेव्हा श्रुती उठली, तिनं खुर्ची पुढं ओढली आणि फडक्यानं पुसली.

"बसा, पप्पा."

"हे काय करतेस?"

"गाडी बांधतेय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तो जरा वेळ बसला आणि उठून पुढच्या खोलीत गेला. पोरगी गोड बोलते, उलट उत्तर देत नाही, आणखी काय पाहिजे, असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं तर त्याला पुष्कळ काही पाहिजे होतं.

एका संध्याकाळी श्रुती आईशी कुरकुरत होती. वाडीच्या वर जो सडा आहे, उघड्या कातळाचं ते मैदान, तिथं ती आधीची गाडी पळवायची. सड्यावरची तांबडी धूळ खालून गाडीत शिरायची आणि गिअर खायची. झाकण घालावं तर जड होतं, असं ती म्हणत होती. महेंद्रनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेल्यावर त्यानं माळ्यावरची मोडकी छत्री काढली, तिचं कापड उसवलं आणि गाडीच्या पोटाच्या मापाचं एक आवरण शिवलं, कडेनं इलॅस्टिक घालून. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत राहणाऱ्या बाप्यांना सुईदोरा येतोच. बटणं लावायला तिथं कोण बसलंय?

आवरण अगदी नेमकं बसलं. श्रुतीनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "थँक्यू, पप्पा." आता सांगा, घरच्या माणसाला कुणी थँक्यू म्हणतं का? पण त्या थँक्यूवर त्याला पडवीत जागा मिळाली, म्हणून त्यानं ते गिळलं.

ती त्याला शिकवू लागली. प्लास्टिकात स्क्रू घालताना तो लागला की थांबायचं, जोर करायचा नाही. धातूत घालताना मात्र टोकाला चिकट औषधाचा एक थेंब लावायचा, नाहीतर धक्क्यानं सुटतो. गिअरचे दात एकमेकांना अगदी चिकटवायचे नाहीत, मधे कागदाएवढी फट ठेवायची. महेंद्रला हे फार आवडलं. नोकरीत त्यानं आयुष्यभर फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. हातानं काही उभं केलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं एक स्क्रू जरा जास्त आवळला आणि प्लास्टिकचं भोक फिरलं. त्याचा चेहरा उतरला. श्रुती म्हणाली, "असू दे, पप्पा. होतं असं."

त्याच संध्याकाळी सीतेनं केर काढताना श्रुतीचा बारका पाना कुठंतरी उडवला. तेव्हा त्या पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आई, तुला सतरांदा सांगितलं टेबलाखाली झाडू घालू नको. तुला ऐकायलाच येत नाय काय?" सीतेनंही तेवढ्याच आवाजात उत्तर दिलं. दोघींची चांगली जुंपली, पाना चपलेत सापडला आणि मग दोघी एका ताटलीतून भजी खात बसल्या. महेंद्र पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसून हे सगळं ऐकत होता. बायकोचा त्याला हेवा वाटला, अगदी खराखुरा. आपल्या वाट्याला 'असू दे', नि हिच्या वाट्याला एवढं सगळं.

मग शॉकअपची पाळी आली. श्रुतीनं चारही शॉकअप त्याच्यासमोर मांडले, करंगळीएवढे. "हे तुम्ही करा, पप्पा. मला कॉलेजला जायचंय. या नळीत तेल भरायचं, दांडा हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर आले की थांबायचं, आणि मग झाकण. आत हवा राहता कामा नये." तेलाची बाटली बोटभर होती. खास या कामाचं सिलिकॉनचं तेल, पार्सलनं मागवलेलं. इतकं नाजूक काम तिनं आपल्यावर टाकलं, याच्यानंच महेंद्रची छाती फुगली.

पहिला शॉकअप त्यानं झकास भरला. दुसरा उचलायला गेला आणि कोपर लागून बाटली आडवी झाली, टेबलावरून घरंगळली आणि खाली कोब्यावर रिकामी झाली.

तो बघतच राहिला. नवी बाटली मागवता आली असती, चार दिवस उशीर झाला असता, एवढंच. पण मागवायची म्हणजे पोरीला सांगायचं, आणि सांगितलं की ती काय म्हणणार ते त्याला आधीच ऐकू आलं. 'असू दे, पप्पा.' मग ती उरलेलं काम स्वतः करणार आणि त्याला खुर्ची पुसून देणार. नको. त्यापेक्षा काहीही बरं.

कोनाड्यात खोबरेलाची बाटली होती, तळाशी थोडंच तेल उरलेली. आता कोकणातल्या माणसाला खोबरेल कशाला चालतं हे विचारूच नये, कशाला चालत नाही ते विचारावं. दाराची बिजागरी कुरकुरली, खोबरेल. कुलूप अडलं, खोबरेल. शिलाई मशीन, भाजलेला हात, दुखरा गुडघा, केस, सगळ्याला तेच. महेंद्रच्या आईनं तर रेडिओच्या बटणालाही लावलं होतं. त्यानं भरलेला एक शॉकअप रिकामा केला, चारही पुसले आणि चारहीत सारखं खोबरेल भरलं. बुडबुडे काढले. झाकणं लावली. कोबा राखेनं घासला. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं होतं आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं.

संध्याकाळी श्रुतीनं गाडी तळहाताखाली दाबली. गाडी खाली गेली आणि अलगद वर आली.

"मस्त झालंय, पप्पा. जरा मऊ झालेत, पण कातळावर मऊच पाहिजे. तेल उरलं?"

"संपलं," महेंद्र म्हणाला. तेवढं तर खरंच होतं.

सड्यावर गाडी अशी पळाली की बघत राहावं. खड्ड्यात उतरायची, वर यायची, अंग टेकून वळायची. श्रुतीनं रिमोट त्याच्याही हातात दिला. त्यानं गाडी सरळ नेऊन करवंदीच्या जाळीत घातली. ती हसली, तोही हसला, आणि खोबरेलाची गोष्ट त्याच्या मनातून पार निघून गेली.

जानेवारीत श्रुतीच्या ओळखीच्या मंडळींनी सड्यावर शर्यत ठरवली. तिच्या वर्गातला सर्वेश, शहरातली आणखी काही पोरं, सावर्ड्याहून येणारे दोघेतिघे. फक्की मारून वाट आखली, वळणांवर चिरे ठेवले. ऊन चढलं की कातळ तापतो आणि उभं राहवत नाही, म्हणून वेळ सकाळची धरली. पहिली फेरी उजाडता उजाडता, दुसरी त्यानंतर. श्रुतीची ही पहिलीच शर्यत. आदल्या दिवशी तिनं जेवणसुद्धा धड केलं नाही.

रविवारी ती अंधुकातच गाडी घेऊन निघाली. महेंद्रही निघाला होता, पण सीता म्हणाली, "कशाला ओ एवढ्या थंडीत? ऊन पडलं की आरामात जावा. तुम्ही बसा." तो बसला. मग आंघोळीला उठला. त्या दिवशी थंडीही चांगलीच होती. न्हाणीत चुलीवर पाणी तापत होतं आणि चुलीच्या कडेला सीतेनं खोबरेलाची बाटली ठेवली होती.

"ही इथं कशाला?"

"थिजलंय. बाटलीतून येत नाय. जरा वितळूदे."

महेंद्रनं बाटली उचलून पाहिली. आत पांढरं घट्ट. उलटी केली तरी थेंब हलेना. गाडी आजवर पळाली ती संध्याकाळी, कातळ तापलेला असताना, आणि आज ती अंधुकातच वर गेली होती. मुंबईच्या खोलीत त्याच्याजवळ बाजारातलं सुवासिक तेल असायचं, ते काही थिजायचं नाही. खोबरेल थंडीत थिजतं हे कोकणात जन्मलेल्या माणसानं विसरावं म्हणजे कमाल झाली, पण विसरला होता खरा.

तो तसाच टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिला. एक मन म्हणालं, गप्प बस. ऊन वर येईल, तेल आपोआप सुटेल, कुणाला कळणारही नाही. पहिली फेरी जाईल, तर जाईल. पण पोरीला तो आता ओळखू लागला होता. गाडी नीट चालली नाही तर ती दुसऱ्या कुणाला बोल लावणार नाही. आपलंच काही चुकलं म्हणून सगळी गाडी खोलत बसेल आणि आपल्याच हातांवरचा तिचा विश्वास जाईल. ते मात्र त्याला सोसलं नसतं. त्यानं शर्ट चढवला आणि चहा न घेता सड्याची वाट धरली.

वर पोचला तेव्हा पहिली फेरी संपत आली होती. श्रुतीची गाडी लांबूनच ओळखू आली, कारण बाकीच्या गाड्या पळत होत्या आणि ही उड्या मारत होती. शॉकअप काठीसारखे ताठ झालेले. बारक्याशा खड्याला चारही चाकं हवेत, मग धप्प, मग उलटी. सर्वेश धावत जाऊन ती सरळ करायचा. ती सगळ्यांच्या मागून पोचली.

श्रुती एका चिऱ्यावर बसली होती. गाडी मांडीवर उलटी, गिअरचं झाकण उघडलेलं, आणि डोळे भरलेले.

"काय कळतच नाय, पप्पा. मीच काहीतरी चुकीचं बांधलं. सगळं परत उघडायला लागणार."

"तुझं काय चुकलं नाय," महेंद्र म्हणाला. चढणीनं त्याला धाप लागली होती. "शॉकअपमध्ये खोबरेल आहे."

"काय?"

"तुझं तेल माझ्या हातून सांडलं होतं. मी खोबरेल भरलं. ते थिजलंय."

श्रुतीनं एक शॉकअप सोडवला आणि झाकण फिरवलं. आत पांढरं, लोण्यासारखं. तिनं ते नाकाशी नेलं. मग तिनं बापाकडं पाहिलं, आणि महेंद्रनं मान खाली घातली.

"पप्पा, अक्कल आहे काय तुम्हाला?"

सर्वेश दोन पावलं मागं सरकला आणि आभाळाकडं बघायला लागला.

"खोबरेल? गाडीत खोबरेल? ही काय आज्जीची वेणी आहे? सांडलं तर सांडलं, सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं काय तुमचं? तीन महिने मी त्या शॉकअपचं कौतुक करत फिरतेय. सर्वेशला विचारा, वर्गात सांगितलं मी, माझ्या पप्पांनी भरलेत म्हणून. आणि तुम्ही घरात बसून गप्प. आईपेक्षा तुम्ही वरताण आहात. ती वस्तू हरवते, पण निदान भांडते तरी. तुम्ही नुसते बसून राहता. का नाय सांगितलं?"

"तू 'असू दे' म्हणाली असतीस."

"मग?"

"मला नाय आवडत ते," महेंद्र म्हणाला. "बाहेरच्या माणसाला म्हणतात तसं वाटतं. मला या घरात बाहेरच्यासारखं राहायचा कंटाळा आलाय, बाळा."

श्रुतीचा राग गेला नव्हता, तो नाकावर तसाच होता. तिनं नाक पुसलं, पाना घेतला आणि उरलेले तीन शॉकअप भराभर सोडवले.

"असू दे बिसू दे काय नाय म्हणणार मी," ती म्हणाली. "माझी फेरी घालवलीत तुम्ही. हे घ्या. मुठीत धरा, दोन इथं, दोन तिथं. घट्ट. ऊन लागेल असे बसा, आणि मी सांगेपर्यंत मूठ उघडायची नाय."

महेंद्र चिऱ्यावर बसला. दोन्ही मुठी पोटाशी धरल्या, तोंड उगवतीकडं केलं. खाली वाडीतून चुलीचा धूर वर येत होता, पलीकडं खाडीवर ऊन पडलं होतं. येणारेजाणारे त्या मुठी आवळून बसलेल्या माणसाकडं बघत होते आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. चारचौघांत पोरीनं खरडपट्टी काढली होती, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की ते लपवायला त्याला मान वळवावी लागली. कितीतरी वर्षांत त्याला असं कुणी बोललं नव्हतं. तो खुशीत होता, दुसरा शब्द नाही.

"हलवा मधनंमधनं," श्रुती लांबून ओरडली. "झोपलात काय?"

दुसऱ्या फेरीला ऊन वर आलं होतं. मुठीतलं तेल सुटलं, शॉकअप मऊ झाले, आणि तिनं ते चढवले. "तुम्ही त्या वळणावर उभे राहा. उलटली तर पळत जाऊन सरळ करायची. बघत बसायचं नाय." महेंद्र वळणावर उभा राहिला. गाडी दोनदा उलटली आणि दोन्ही वेळा तो धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखा धावला. पहिली आली नाही गाडी. मधेच कुठंतरी आली. पण अंग टेकून वळली, तशीच, पहिल्या दिवसासारखी.

परत उतरताना वाटेत वाडीतले जानूकाका भेटले. त्यांनी डोक्यावरची लाकडं खाली ठेवली आणि हात वर केला. "जय भीम, महेंद्र. मग, किती दिवस आहात?"

त्यानं तोंड उघडायच्या आत श्रुती बोलली. राग अजून उतरला नव्हता. "इथंच असतात ते, काका. आणि माझं सामान बिघडवतात."

घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हातवारे करून. सीता मोरीत बांगडे साफ करत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

"म्हणजे तेव्हा माझं तेल तुम्ही संपवलंत? आणि मी पोरीवर ओरडले, डोक्याला एवढं तेल थापतेस म्हणून. गप्प ऐकत होतात ना तुम्ही?"

महेंद्र सवयीनं खुर्चीत बसला. चढउतार करून घसा सुकला होता. तो वाट बघत राहिला. फुलाफुलांचा ग्लास शोकेसमध्ये होता तिथंच होता.

"पाणी मिळेल काय?" शेवटी त्यानं विचारलं.

"माझे हात माशाचे आहेत, दिसतंय ना," सीता आतून म्हणाली. "माठ कुठं आहे ठाऊक नाय काय तुम्हाला? उठा नि घ्या. आणि येताना मीठ आणा इकडं."

महेंद्र उठला. मांडणीवरचा पोचे आलेला पेला त्यानं घेतला, माठातलं पाणी प्यायला, पेला विसळून पालथा घातला आणि मिठाची बरणी शोधू लागला.